वाढव

माझ्या सासऱ्यांचा शेवटचा शब्द मला कळला नाही. म्हणजे ऐकू नीट आला, अर्थ लागला नाही. तो शब्द अजून माझ्या पाठीमागे उभा असतो, विशेषतः रविवारी सकाळी, वाडीच्या गोदामांमागच्या मैदानात मी त्यांची गाडी पळवायला जाते तेव्हा.

गाडी रिमोटची, हातभर लांब, पण खेळणं नव्हे. तिच्यात खरं इंजिन आहे, खरं इंधन जळतं, आणि आवाज असा की गोदामांवरची कबुतरं उडतात. जरीपटका भागातलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर सासऱ्यांनी, माझ्या मामाजींनी, ती घेतली. घरात सगळे म्हणाले, साठी बुद्धी नाठी. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून चालवायला मी. मी कुहीकडची, माहेरी ट्रॅक्टर हाकलेली. मला काय धाड भरली होती नाही म्हणायला?

नियम मात्र त्यांचे. आधी रिमोट सुरू, मग गाडी, नाहीतर ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बंद करताना उलट. इंजिन सुरू करताना चाकं जमिनीला टेकू द्यायची नाहीत. माणसं आपल्या मागे, गाडी पुढे. तापलेल्या सायलेन्सरला हात लावायचा नाही. इंजिन थांबवायचं तर जाड कापडाच्या चिंधीने सायलेन्सरचं तोंड दाबायचं. चिंध्यांना आमच्याकडे काय तोटा.

फक्त 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. जन्मभर दुकानदारी केलेला माणूस. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. पहिल्याच दिवशी गाडी वेगात असताना एक हमाल पोतं घेऊन आडवा आला. मामाजी मागून ओरडले, "वाढव वं, वाढव!" मी वेग वाढवला. रिमोटचा चाप पूर्ण ओढला. गाडी हमालाच्या पायाला चाटून गेली आणि भिंतीवर आदळली.

"मी थांबव म्हणून राहिलो, अन् तू काय करून राहिली वं?"

"मग सरळ बंद कर म्हना ना, मामाजी."

"चालत्या गोष्टीले बंद म्हनू नाही."

तेव्हा तडजोड झाली. ते माझ्या शेजारी उभे राहू लागले. 'वाढव' म्हणताना हात वर असेल तर थांबायचं, खाली असेल तर पळवायचं. पुढे कधी गोंधळ झाला नाही.

मग ते दवाखान्यात गेले. श्वास पुरत नव्हता. तोंडावर मास्क होता आणि नळ्या उपसतात म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधले होते. आत मी एकटीच होते. माझ्याकडे बघून ते मास्कच्या आतून म्हणाले, "वाढव वं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग नर्सला बोलावून ऑक्सिजन वाढवायला सांगितलं. ते पुन्हा बोलले नाहीत. आणखी काही दिवस त्या नळ्यांमध्ये पडून राहिले आणि गेले. नवरा म्हणतो, हवाच मागितली असेल, दुसरं काय. त्याला ती नजर दिसली नव्हती. मला वाटतं, ते सुटका मागत होते. कधी वाटतं, छे, त्यांना जगायचंच होतं. या दोहोंच्या मध्ये मला झोप लागत नाही.

या इंजिनाची एक खोड आहे. टाकी रिकामी होत आली की ते आधी जिवाच्या आकांताने ओरडतं, मग गप्प होतं. गेल्या रविवारी ते तसं ओरडायला लागलं आणि शेजारून आवाज आला, "वाढव वं."

चालत्या गाडीवरून नजर काढायची नाही, म्हणून मी आधी ब्रेक दाबला. इंजिन आपोआप शांत झालं. मग मी शेजारी वळले. तिथे नुसतं ऊन होतं.

"एकदा हात दाखवा ना, मामाजी," मी म्हणाले.