आधी बल्बकडे बघणारे शेजारी

चंदनसारला आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ घरात शिरले की माणसाकडे नाही, आधी बल्बकडे बघायचे. "वहिनी, आज एकशे ऐंशीच व्होल्ट," म्हणायचे, आणि मगच "कशा आहात?" वालीवच्या कारखान्यात ते पवनचक्क्यांसाठी पॅनेल बनवायचे. वारा कमीजास्त झाला की व्होल्टेज हेलकावे खातं, ते सावरणारी. हे सांगताना हात असा हलवायचे, जणू पाळण्याची दोरीच धरलीय.

एका संध्याकाळी आमचा फ्रीज नुसता घुं घुं करत होता, सुरू काही होईना. आत आमच्या ह्यांचं महिन्याचं इन्सुलिन. भिंतीपलीकडून आवाज ऐकून ते धावत आले आणि आधी पिन काढली.

"पाच मिनिटं दम खाऊ द्या त्याला."

मग आपल्या टीव्हीला लावलेला, स्वतः बांधलेला दणकट स्टॅबिलायझर उचलून आणला.

"अहो, तुमची मॅच?"

"मॅच काय, उद्याही असते वहिनी."

फायनल होती, हे मलासुद्धा ठाऊक होतं. फ्रीज नीट लागला तरी ते तासभर त्याला कान लावून खाली फरशीवर बसले. कोण जिंकलं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी वालीवच्या चहावाल्याने सांगितलं.