त्या दिवशी एक जागा होती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मायला तर नाहीच — ती रशीदाखालाचा विषय काढायची आणि मी उठून बाहेर जायचो.

तेव्हा मी अकोल्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यात काउंटरवर होतो. कापसाच्या पडलेल्या भावानं सगळ्यांनाच मेटाकुटीला आणलं होतं. सरकारी योजनेचं कार्ड धरून खेड्यांतली म्हातारी माणसं यायची. डॉक्टरांचा हुकूम होता — योजनेचे पेशंट दिवसाला दोनच. बाकीच्यांना सांगायचं, मशीन बंद आहे. ते मी रोज सांगायचो. पण ते खोटं सगळ्या दवाखान्याचं होतं. हे माझं एकट्याचं.

रशीदाखाला आमच्या हिवरखेडची, शेजारची. कपडे शिवायची. माय शेतात निंदायला गेली की मी तिच्याच घरी जेवायचो. एक दिवस ती काउंटरपुढं येऊन उभी राहिली — एकटीच. काचबिंदू. अकोटच्या डॉक्टरनं लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलेलं. माझा चेहरा तिला नीट दिसत नव्हता. आवाज ऐकून तिनं मान कलती केली.

“गजू हायेस काय रे बेटा?”

शेजारी डॉक्टरांच्या मॅडम उभ्या होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, गावची माणसं घुसवलीस तर उद्यापासून येऊ नकोस. पण घुसवायचं कुठं होतं? त्या दिवशी योजनेचा एकच पेशंट झाला होता. एक जागा होती. नुसतं नाव लिहायचं होतं — आणि मी काय केलं? अगदी शुद्ध भाषेत म्हणालो, “आजी, हे कार्ड इथं चालत नाही. अमरावतीला जा.” योजनेचा फलक माझ्या डोक्यामागेच होता.

ती गेली अमरावतीला. एकीकडे म्हणाले, पुढच्या महिन्यात या. दुसरीकडे डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांनी घेतलं, तोवर दोन्ही डोळे गेले होते.

दिवाळीत गावी गेलो तर ती ओट्यावर बसलेली. माझा आवाज ऐकून जवळ बोलावलं.

“अकोल्याच्या दवाखान्यात एक पोरगा होता, आवाज अगदी तुयासारखा. मले वाटलं तूच. पण तू असता तं मले वापस काहून पाठोलं असतं?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

“मी नव्हतो, खाला.”

“हाव न,” ती म्हणाली. चाचपत माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

तो चहा मी प्यालो. खाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काउंटरवर मीच होतो.