टेलिस्कोपचा डावा डोळा

रविवार, अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला. सकाळचे साडेदहा. हजर: मी, नवरा, खालच्या मजल्यावरच्या काकू, आणि मोबाइलच्या पडद्यावर नाशिकहून सासूबाई.

सासूबाई महिनाभरासाठी नणंदेकडे गेल्या होत्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. आमची चौकशी दोन वाक्यांत आटोपायची आणि मग, "दाखव बघू त्याला." तो म्हणजे त्यांचा मासा. काळा कुळकुळीत, मुठीएवढा, दोन्ही डोळे बटणांसारखे बाहेर आलेले. दुकानात या जातीला टेलिस्कोप म्हणतात. पाच वर्षं त्यांनी एकटीने सांभाळला आणि जाताना मला बजावलं होतं, "तुझ्या हातात देऊन चाललेय."

आता ज्याचे डोळे मुळातच बाहेर असतात, त्याचा डोळा सुजलाय हे कळणार कसं? आम्हाला नाहीच कळलं. काकू नायगावच्या खाडीकाठच्या, माहेर मिठागरवाल्यांचं. जन्म माशांत गेलेला. वाटी परत करायला आल्या होत्या. टाकीपाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "या डाव्या डोल्याला काय झालंय गो? दुधावानी दिसतो. मोठा पन झालाय."

नवऱ्याने चटकन फोन टाकीच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि उजवा डोळा दाखवला. "आई, रेंज जातेय," म्हणाला आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

मी कागद घेतला. कधीपासून, खातो का, पोहतो का, अंगावर डाग, कल्ले कसे, डोळा एक की दोन. उत्तरं लिहिली, व्हिडिओ काढला आणि वसई स्टेशनजवळच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याचं दुकान गाठलं. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला.

"एकच डोळा आहे ना? मग बहुतेक लागलंय. दोन्ही असते तर पाण्याचं किंवा आतल्या इन्फेक्शनचं बघितलं असतं. टाकीत टोकदार काय आहे? शिंपले, किल्ला वगैरे?"

"काही नाही. मी सगळं काढून ठेवलंय. धुवायला सोपं पडतं."

"किती दिवसांनी धुता?"

"दर रविवारी. पंखे, खिडक्या, टाकी."

"पूर्ण रिकामी करता? आणि मासा?"

"जाळीत धरून बादलीत."

त्याने माझा कागद घडी घालून मला परत दिला. "ताई, या जातीचा डोळाच आधी जाळीला घासतो. याला जाळी लावायचीच नाही. वाडग्याने पाण्यासकट उचलायचा. आणि रविवारची कामं माशाला लावू नका, त्याला रोजच सुट्टी असते."

चार रविवार. चार वेळा मी त्याला जाळीत पकडला होता, आणि प्रत्येक वेळी रविवारच्या कामांच्या यादीवर समाधानाने बरोबरची खूण केली होती. सासूबाई रोज सकाळी दोन तांबे पाणी काढून कढीपत्त्याला घालायच्या आणि तेवढंच ताजं टाकीत ओतायच्या. टाकी कधी धुवायच्याच नाहीत. मला वाटायचं, वयामुळे होत नसेल.

उपचार अगदी साधे निघाले. रोज पाव टाकी पाणी बदलायचं, तेही नळाचं एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. दहा लिटरला दोन सपाट चमचे जाडं मीठ. पुढे बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ, जास्त नाही. औषधाची बाटली त्याने दिलीच नाही. "आठवडाभर बघा. सूज वाढली किंवा दुसरा डोळा आला तर या." मीठ काकूंनी माहेरून आणून दिलं. "पुडीतला नको टाकू," एवढंच म्हणाल्या.

नवऱ्याकडे फोटोचं काम दिलं. रोज सकाळी आठ वाजता, एकाच जागेवरून, डाव्या बाजूने.

"जरा सरळ बघ की," तो माशाला म्हणायचा.

"पासपोर्टचा काढतोयस का?"

"पासपोर्टवाला तरी हलत नाही."

चौथ्या दिवशीच्या फोटोत सूज तेवढीच होती आणि आम्ही दोघं एकमेकांशी जरा कमी बोललो. सहाव्या दिवशी फरक दिसला. दहाव्या दिवशी डोळा जागेवर आला, दुधाळपणा गेला. मध्यभागी मोहरीएवढा पांढरा ठिपका मात्र राहिला. मासेवाला म्हणाला, जीव वाचला, डोळाही राहिला, पण त्या डोळ्याने कितपत दिसेल सांगता येत नाही. मधल्या रविवारच्या फोनवर सासूबाईंनी विचारलंच, "एकाच बाजूने का दाखवता रे?" नवरा म्हणाला, "खिडकीचा उजेड, आई."

मग त्या आल्या. पिशवी दारात ठेवून आधी टाकीपाशी गेल्या. डाव्या बाजूने काचेवर बोट टेकवलं. मासा आला नाही. उजवीकडून टेकवलं, लगेच आला. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"म्हातारा झाला गं हा," म्हणाल्या. "एका बाजूचं दिसेनासं झालंय. चालायचंच."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा ठेवते."

आता त्या खाऊ उजवीकडूनच टाकतात. दोन तांबे पाणी पुन्हा कढीपत्त्याला जातं. जाळी मी फेकून दिली, वाडगा टाकीशेजारी ठेवला, रविवारच्या यादीतून टाकी कायमची खोडली. एकाच ओळीपुढे खूण नाही: "आईंना सांगणे. वय नाही, माझी जाळी." तीन रविवार ती ओळ मी एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवतेय. काकू जिन्यात भेटल्या की भुवया उंचावतात. मी मान हलवते, नाही अजून.