राक्षस उभा होता ती जागा

माझ्या नवऱ्याने जपानमध्ये आठ दिवसांत सातशे फोटो काढले आणि त्यातल्या एकातही आम्ही नाही.

त्याला लहानपणापासून जपानी राक्षसपटांचं वेड. डोंगराएवढा प्राणी समुद्रातून वर येतो, पूल मोडतो, इमारती तुडवतो, झालं. मागच्या हेर्ब्स्टफेरियनमध्ये, म्हणजे शाळेच्या ऑक्टोबरातल्या सुट्टीत, आम्ही स्टुटगार्टहून तिकडे गेलो ते देवळं आणि बागा बघायला, अशी माझी भाबडी समजूत. पाहिलं काय? एक बंदर, दोन पूल, एका सरकारी इमारतीची मागची बाजू आणि एक पार्किंग. सगळीकडे तेच. हा सिनेमातल्या दृश्याचा छापील कागद हातात धरणार, दोन पावलं मागे, अर्धं डावीकडे, आणि आमच्यावर ओरडणार, "बाजूला व्हा ना, फ्रेम जुळत नाहीये!" गाड्यांच्या कारखान्यात दिवसभर मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची? तिसऱ्या दिवसापासून मी रुसून बाकावर बसायला लागले.

जूनमध्ये सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या. परत जायच्या आदल्या शनिवारी, दुपारी जेवणं झाल्यावर त्या आपल्या लेकाला म्हणाल्या, "फ्रॉक घातलेला नातीचा एक फोटो दे रे छापून. तेवढा नेते."

आम्ही जपानला निघायच्या आधी त्यांनी नातीसाठी निळा फ्रॉक शिवून एका ओळखीच्यांबरोबर पाठवला होता. हातशिलाईचा. डोळे साथ देत नाहीत, आता हा शेवटचाच, असं फोनवर म्हणाल्या होत्या. मुलीने तो जपानभर घातला. फोटो पाठवते, पाठवते म्हणत माझं राहूनच गेलं. आता दहा वर्षांची पोर अशी ताडमाड वाढली आहे की फ्रॉक खांद्यातून खाली उतरत नाही. तो तिच्या अंगावर बघायचा तर फोटोतच.

नवऱ्याने उत्साहाने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

"हे बघ आई, तो पहिल्यांदा पाण्यातून वर आला ते इथे. गेनाऊ, अगदी इथेच!"

"कोण?"

"अगं, राक्षस."

"आणि पोरगी?"

"ती असेल पुढे."

पुढे पूल आला. मग तोच पूल जरा डावीकडून. "छान आहे रे पूल," सासूबाई म्हणाल्या. माझं डोकं भणभणायला लागलं. फोटो छापायचं मशीन कोपऱ्यावरच्या ड्रोगरीत, म्हणजे साबण-शाम्पूच्या दुकानात, ते आठला बंद, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून सगळीच दुकानं बंद आणि सोमवारी पहाटे सासूबाईंचं विमान. आणि हा पार्किंगचं कौतुक सांगतोय!

सोफ्यावर पसरलेल्या लेकीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. ती मान वर न करता म्हणाली, "पापा हाट मिश इमर वेगगेशिक्ट."

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी मला विचारलं.

"त्यालाच विचारा, आई."

नवऱ्याचा उत्साह मावळला. "म्हणतेय, मी तिला दर वेळी बाजूला पाठवलं," तो हळूच म्हणाला.

बाकीचे फोटो त्याने मुकाट्याने पुढे सरकवले. शेवटी बंदराच्या एका फोटोत उजव्या कडेला बोटभर निळं दिसलं. त्याच्या नजरेतून सुटलं असणार, नाहीतर पुसलंच असतं. त्याने मोठं करून दाखवलं. फ्रॉकचा घेर, नुसता घेर. सासूबाई उठून टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "माझीच टीप. इथे धागा संपला होता. हाच छाप."

मी म्हटलं, अहो आई, यात ती कुठे आहे? पण त्यांनी ऐकलं नाही. तो फोटो घेऊनच त्या गेल्या.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे तो भिंतीवर दिसला. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "यात नात कुठेय हो?"

"तिला बाजूला उभं केलंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिच्या आईबापाने."

नुसतं बापाने म्हणाल्या नाहीत. मी फणकाऱ्याने म्हणणार होते, फोटो तर सगळे याने काढले. पण ते आठही दिवस माझा फोन माझ्या पर्समध्ये होता.