झाकणाआतले शेरे

धुळे-जळगावच्या पट्ट्यात बंद पडलेली वस्तू पाहून ज्यांचा चेहरा उजळतो असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. इतरांच्या घरी पंखा बंद पडला की माणसं हळहळतात, मेकॅनिकच्या नावानं बोटं मोडतात, वर्तमानपत्रानं वारा घेत बसतात. आमचे आबा बाह्या सरसावत. "बंद पडला? बरं झालं," एवढंच म्हणत, आणि पुढचे दोन तास त्यांना जेवणाची, पाहुण्यांची, फार काय, ज्यांच्यासाठी पंखा हवा होता त्या घामाघूम माणसांचीही आठवण राहत नसे. तालुका कचेरीत उभा जन्म कारकुनी करून ते निवृत्तीला आलेले. यंत्रांचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण एकदा साहेबांच्या टेबलावरचा पंखा त्यांनी पेनच्या टोपणाच्या पत्तीनं उघडून चालू केला आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. "माणसानंच बनवलंय ना? मग माणसाला उघडता आलं पाहिजे," असं ते म्हणत. उघडता येणं आणि पुन्हा जोडता येणं यांत बरंच अंतर असतं हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर दहापैकी नऊ वेळा ते सांगायची वेळच यायची नाही.

मी मुलगी पाहायला धुळ्यात देवपुरातल्या त्यांच्या घरी गेलो ती ऐन मे महिन्यातली दुपार होती. मला खुर्चीवर बसवून आबांनी कोपऱ्यातली वेळूची काठी उचलली. मी जरा दचकलोच. त्यांनी बटण दाबलं आणि त्या काठीनं छतावरच्या पंख्याच्या पात्याला हलकेच ढोसलं, तेव्हा तो फिरू लागला. "कंडेन्सर थकलाय. पण एकदा हात लावून दिला की दिवसभर थांबत नाही," ते म्हणाले. पोहे आले, चहा आला, मुलगी येऊन गेली. माझे वडील नोकरीचं, शेतीचं सांगत होते, पण आबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "फ्यूज बांधता येतो का?" मी खरं ते सांगितलं, येत नाही. इतर मुलींचे बाप बिननोकरीच्या मुलाकडे ज्या नजरेनं पाहतात त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढं होकार आला, पण बायकोनं नंतर सांगितलं की आबांनी त्या रात्री नीट जेवण केलं नव्हतं. "स्वभाव बरा वाटतो. फ्यूजचं शिकेल हळूहळू," असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती म्हणे.

त्या घरात वस्तू बिघडलेली नसे, पण सरळही चालत नसे. प्रत्येकीची खोड वेगळी, आणि ती ज्याला माहीत तोच घरचा. रेडिओला डाव्या कानाखाली दोन चापट्या द्याव्या लागत. फ्रिजचं दार सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं, ती सोडायची, दूध काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची. न्हाणीघराचा दिवा लावायचा तर बटण स्वयंपाकघरात होतं, त्यामुळे अंघोळीला जाणारा माणूस आधी सासूबाईंना सांगून जाई. या सगळ्यांवर कळस म्हणजे तेलाच्या रिकाम्या पिंपाचे पत्रे कापून आबांनी स्वतः बनवलेला कूलर. तो हवा देई यात वाद नाही, पण चालताना इतका थरथरे की जागेवरून सरकत पुढं येई. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी जेवून आडवा झालो तेव्हा तो खिडकीपाशी होता, आणि जाग आली तेव्हा माझ्या पायाशी उभा राहून माझ्यावर पाणी शिंपडत होता. मी ओरडलो तशा सासूबाई धावत आल्या. "हाई घर शे का दवाखाना?" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. आबांनी मात्र कूलरचे पाय तपासले आणि तो तासाला किती वीत सरकतो ते मला विचारलं.

पण त्यांची खरी ओळख वस्तूच्या बाहेर दिसत नसे, ती आत असे. कचेरीत प्रत्येक फायलीवर शेरा मारायची सवय हाताला लागलेली. त्यामुळे आबा जी वस्तू दुरुस्त करत तिच्या झाकणाच्या आत कागदाची चिठ्ठी डकवत. वळणदार अक्षरात, कचेरीच्या भाषेत. "सदर पंखा उघडला. बेअरिंगमध्ये पालीचे अंडे आढळले. काढले. तेल दिले. कळावे." पुढं कोणी ते उघडलं तर त्याला आधीची हकिकत कळावी, हा हेतू. आमचा जळगावचा टेबलफॅन मी एकदा गुपचूप बाजारातल्या मेकॅनिककडे दिला. त्यानं मागची टोपी काढली, आत एकाखाली एक तीन शेरे होते, ते त्यानं उभ्या उभ्या वाचले आणि पंखा माझ्या हातात परत दिला. "साहेब, हा पेशंट त्यांचाच आहे. त्यांच्याकडेच न्या," तो म्हणाला. त्या शेऱ्यांत एक गोष्ट कधी नसे, ती म्हणजे लपवाछपवी. "मागील खेपेस स्प्रिंग उलटी बसवली गेली. चूक माझी," असंही एका चिठ्ठीत मी वाचलं आहे. मी हसलो तर आबा गंभीर झाले. "शेरा खोटा मारायचा नाही, जावईबापू. पुढचा माणूस त्याच्यावर विसंबतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गाणी होतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आबांना तीन लेकी. एक यावलच्या केळीवाल्यांकडे, एक मुक्ताईनगरला, आणि धाकटी आमची. त्या माहेरी येत तेव्हा एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात बंद पडलेली वस्तू असे. यावलची तर सासरच्या शेजारपाजारचंही गोळा करून आणी. एकदा तिनं यष्टीत मांडीवर अख्खा टेबलफॅन धरून प्रवास केला होता. मग दोन-तीन दिवस अंगणात एकीकडे झोका आणि गाणी, आणि दुसरीकडे पोत्यावर इस्त्र्या, मिक्सर, स्टो उघडे पडलेले, मधोमध आबा. कुठली लेक सासरी कशी नांदते आहे हे ते तिला विचारत नसत. तिच्या मिक्सरच्या भांड्याचं पातं किती झिजलंय ते पाहत, आणि मग सासूबाईंना हळूच सांगत, "मोठीवर कामाचा भार शे." आपल्या बापानं आपल्याला ओळखलं हे त्या मुलींना कळायचं. जाताना प्रत्येकीची वस्तू चालू होऊन पिशवीत परत जायची. मी हे सगळं वर्षानुवर्षं चेष्टेवारी नेलं, हे आता कबूल करतो.

मग एके वर्षी ती इस्त्री झाली. झाली म्हणजे, आबांनी दुरुस्त केलेल्या इस्त्रीचा सासूबाईंना झटका बसला. फार नाही. त्या मागं पलंगावर बसल्या, हात दोन दिवस मुंग्या आल्यासारखा राहिला, बस. "माले काही नही व्हयनं," असं त्या आल्यागेल्याला सांगत राहिल्या. पण आबांनी इस्त्री उघडली, पाहिली, आणि आत चिठ्ठी डकवली. ती मी नंतर वाचली. "आतील तारेवर चिनी मातीचा एक मणी बसवण्याचा राहिला. तार पत्र्यास टेकली. चूक माझी. घरातील माणसाच्या जिवाशी गाठ होती. यापुढे काम बंद." मग हत्यारांच्या पत्र्याच्या डब्याला त्यांनी जुन्या फायलीला बांधतात तशी लाल फीत बांधली आणि डबा माळ्यावर टाकला. महिन्याभरात नवा पंखा आला, नवा फ्रिज आला, विकतचा कूलर आला. सगळं एका बटणावर चालू लागलं. आणि आबा दिवसभर त्या नव्या पंख्याखाली नुसते बसून राहू लागले.

पुढच्या आखाजीला लेकींनी काहीच आणलं नाही. त्यांना वाटलं, वडिलांच्या दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवायचं. अंगणात झोका होता, पण पोतं नव्हतं. आबा नातवंडांशी बोलले, आमरस खाल्ला, आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपले. आम्ही निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. वर्षानुवर्षं ज्यांनी त्या पसाऱ्याला शिव्या घातल्या त्याच. "जवाईबापू, घरमा बठ्ठं नवं शे, पन यास्नं मन नही लागत. पुढल्या खेपेला तुमना घरनं काही मोडेल व्हई ते लई या." त्यांचे डोळे भरून आले होते.

अडचण अशी होती की आमच्या घरी मोडलेलं काहीच नव्हतं. ऐन गरजेच्या वर्षी झाडून सगळ्या वस्तू इमानदारीनं चालत होत्या. वर्ष सरलं, आखाजी चार दिवसांवर आली, तेव्हा मी शेजाऱ्यांकडून पेचकस आणि पकड मागून आणली, बायको बाजारात गेलेली पाहून आमचा नवा मिक्सर उलटा केला, बुडाचे चार स्क्रू काढले आणि आतली एक वायर कचकन कापली. आयुष्यातलं माझं हे पहिलं विजेचं काम. एक स्क्रू निसटून फडताळाखाली गेला, तो शोधण्यात अर्धा तास गेला.

देवपुरात मी तोंड शक्य तितकं भोळं करून सांगितलं, "आबा, मिक्सर आपोआप बंद पडला." आबांनी तो हातात घेतला नाही. "दुकानात न्या," म्हणाले. आखाजीचा दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते मिक्सरभोवती दोनदा फिरले, मग सासूबाईंना म्हणाले, "मना डबा काढ वरथीन." त्यांनी तो आधीच काढून पुसून ठेवला होता. लाल फीत सुटली. आबा पोत्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून. बुडाचे चारही स्क्रू सुटले. मग त्यांनी चष्म्यावरून मागं पाहिलं. "जावईबापू, घरी पकड आहे का?"

"शेजाऱ्यांची आहे," मी म्हणालो.

"स्वतःची असावी," ते म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.

काम संपल्यावर ते लाकडी पाटावर उभे राहिले आणि टेस्टर लावून मिक्सर तीन-तीनदा तपासला. पण बटणाकडे गेलेला हात अर्ध्यावर थांबला. सासूबाई हातात दाण्यांची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. "सरका. मी लावस," म्हणाल्या, भांड्यात दाणे टाकले आणि बटण दाबलं. मिक्सर चालला. त्या दिवशीच्या दाण्याच्या चटणीत मीठ घालायचं राहिलं होतं, पण आबांनी ती तीनदा मागून घेतली.

पुढच्या पाच-सहा आखाज्यांना पोतं पुन्हा अंगणात पसरलं. मिक्सरच्या त्या खेपेला निघताना आबांनी आपली जुनी पकड माझ्या हातात ठेवली होती, आणि त्यानंतर कामाला बसले की मला शेजारी बसवून घेऊ लागले. आपण इतकं बेमालूम नाटक केलं, तरी आपल्यावर ही वेळ का आली, हे मला तेव्हा उमगलं नाही. मग एका हिवाळ्यात आबा गेले. आजारपण म्हणावं असं नव्हतंच, तीन दिवसांत सगळं संपलं. सासूबाई आमच्याकडे जळगावला आल्या.

तो मिक्सर त्यांच्या मागं दोन वर्षं चालला. परवा बंद पडला. बायको दुकानात न्यायला निघाली होती, पण मी म्हटलं, आधी बघतो. आबांची पकड काढली, मिक्सर उलटा केला, चार स्क्रू सोडवले. बुडाच्या आत चिठ्ठी होती. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर तसंच वळणदार.

"सदर मिक्सर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उघडला. बिघाड नाही. वायर पकडीने कापलेली आढळली. काम जावईबापूंचे दिसते. जोडली. वायर मधोमध कापू नये, जोडताना आखूड पडते. पुन्हा वेळ आल्यास नुसता स्क्रू सैल करावा. हेतूची नोंद घेतली. कळावे."

सासूबाईंनी काय आहे म्हणून विचारलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. मिक्सरच्या मोटरमधले कार्बन झिजले होते, ते मी कोपऱ्यावरून आणून बसवले. झाकण लावणार तोच त्या म्हणाल्या, "खाले जागा शे ना? तुमी बी लिखा."

मी पेन आणलं. आबांच्या अक्षराखाली माझं अक्षर फारच गचाळ दिसत होतं. "सदर मिक्सर उघडला. कार्बन बदलले," एवढं लिहून थांबलो. मग शेरा खरा आणि पुरा असावा म्हणून पुढं लिहिलं, "फ्यूज आता बांधता येतो. कळावे."