नानांचा देव्हारा आणि माझी तार

माझ्या सासऱ्यांइतका सावकाश माणूस पालघर तालुक्यात झाला नाही, आणि त्यांचा सावकाशपणा ज्याला आळस वाटला त्याच्याइतका फसलेला माणूसही झाला नाही. त्यांना सगळे नाना म्हणत. पालघरच्या पोस्टात ते तारमास्तर होते, म्हणजे जगातली सगळी घाईची कामं दिवसभर त्यांच्या बोटांखालून जात. कोण अत्यवस्थ आहे, कुणाला मुलगा झाला, कोण उद्याच्या गाडीनं येतोय, हे सगळं कट्टकट्ट करत क्षणात इकडचं तिकडे. ही घाई ते पोस्टातच खुंटीला टांगून येत आणि उरलेला वेळ फ्रेटवर्कला देत. पातळ प्लायवुडवर नक्षीचा कागद खळीनं चिकटवायचा, गिरमिटानं बारीक भोकं पाडायची, केसासारखं पातं भोकातून ओवून लांब मानेच्या करवतीत ताणून बसवायचं, आणि नको असेल तेवढं लाकूड कापून काढत जायचं. शेवटी उरते ती जाळी. सांगायला सोपं आहे. पण मोराचा तुरा किंवा कमळाचा देठ काडीइतका बारीक उरला, की श्वास जोरात सोडला तरी तो मोडतो, आणि एक देठ मोडला की महिनाभराचं काम गेलं.

निदान नानांच्या घरी तरी गेलंच. मोडलेला तुकडा चिकटवणं त्यांना मंजूर नव्हतं. ‘चिकटवलेलं दिसत नसेल, पण मला ठाऊक असतं ना,’ असं म्हणून ते तो अख्खा नमुना न्हाणीघराकडे देत, आणि सासूबाई बंबात घालत. आमचा बंब लाकडावर नाही, मोरांवर तापतो, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तरीही जे वाचलं होतं त्यानं ते दोन खोल्यांचं घर भरलं होतं. घड्याळाला महिरप, आरशाला वेल, पत्रं ठेवायला हंसाच्या पोटाची पेटी, इतकंच काय, न्हाणीच्या झरोक्यालाही हरणांची जाळी. पाहुणा आंघोळीला गेला की बराच वेळ पाण्याचा आवाज येत नसे. तो हरणं मोजत असे.

प्लायवुड मिळायचं चहाच्या खोक्यांचं. त्यासाठी नाना वाण्याच्या दुकानात जाऊन खोक्यांवर टिचक्या मारत, कान लावत, एखाद्याचा कोपरा हुंगतही. चहातलं एवढं कळणारा माणूस आपण पाहिला नाही असं वाण्याला वाटे आणि तो नवीन माल आला की त्यांचा सल्ला घेई. नानाही गंभीरपणे सल्ला देत, फक्त तो खोक्याविषयी असे. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला भेटायला गेले असताना त्यांनी बसायला दिलेलं स्टूल उलटं करून त्याचे सांधे पाहिले होते. ती गोष्ट सासूबाईंनी त्यांना मरेपर्यंत माफ केली नाही.

त्यांचं घर स्टेशनाच्या मागल्या अंगाला होतं आणि मालगाडी गेली की टेबल थरथरे. त्यामुळे प्रत्येक गाडीची वेळ त्यांना पाठ होती. गाडीच्या दोन मिनिटं आधी करवत उचलायची, हात मांडीवर ठेवून बसायचं, शेवटचा डबा गेला की पुन्हा सुरू. एखादी गाडी उशिरा असली तर ते तसेच बसून राहत, आणि त्यांना तसं बसलेलं खिडकीतून पाहून शेजारची माणसं स्टेशनावर जायची घाई करत नसत. गाडीसारखीच फोडणीही. ठसका लागून हात हलू नये म्हणून सासूबाईंना तेल तापल्यावर आतून विचारावं लागे, ‘अहो, मोहरी टाकू का?’ आणि बाहेरून उत्तर येई, ‘थांब, देठात आहे.’ देठातून ते बाहेर येईपर्यंत तेल धुरकटून जाई.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तिथं स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो, आणि बोईसरला एका खोलीत आम्ही तिघे राहू लागलो. पालघरच्या तारमास्तरांची कुमुद नावाची मुलगी लग्नाची आहे असं कुणीतरी वडिलांना कळवलं, वडील कऱ्हाडहून आले आणि आम्ही पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. कुमुदला विचारायचे चार प्रश्न वडिलांनी विचारले. मग नाना उठले, टेबलाच्या कडेला करवत फिरायला खाच ठेवलेली पाटी आवळली, एका फळीवर आंब्याचं पान काढलं आणि करवत माझ्या हातात देत म्हणाले, ‘एवढं कापा.’

वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगी पाहायला आलेल्याची परीक्षा घेतात हे आमच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. मी कापायला बसलो. पहिलं पातं पहिल्याच वळणावर मोडलं. दुसरं पानाच्या टोकाशी. तिसरं कशानं मोडलं ते मला अजून कळलेलं नाही. दाराआडून हसू दाबल्याचा आवाज आला, आणि खरं सांगायचं तर माझं लग्न त्या आवाजाशी तिथंच लागलं. मी तिन्ही तुकडे टेबलावर ओळीनं ठेवले आणि हे काही मला जमणार नाही असं नानांना सांगितलं.

नाना म्हणाले, ‘तुमच्या आधी एक ओव्हरसियर आले होते. त्यांनी मोडलेलं पातं खिशात घातलं.’

एवढ्यावर लग्न ठरलं.

देण्याघेण्याचं काहीच नव्हतं. फक्त नाना म्हणाले की मुलीला मी माझ्या हातचा देव्हारा देईन, तो पुरा झाला की मुहूर्त धरू. तीन बाजूंना जाळी, वर कमळांचा कळस. वडिलांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचं काम असेल. मार्गशीर्ष गेला, माघ गेला. दर रविवारी मी बोईसरहून शटल पकडून पालघरला जाई आणि देव्हारा कुठवर आला ते पाही. नानांनी मला हळूहळू कामाला लावलं. कापताना फळी थरथरू नये म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरायची, हे माझं काम. रेघेवरचा भुसा फुंकरीनं उडवायचा, हे कुमुदचं. ते ती लहानपणापासून करत आली होती. त्यामुळे नानांच्या डोळ्यांदेखत आमची डोकी वीतभर अंतरावर येत, आणि नाना त्याकडे अजिबात लक्ष देत नसत. त्यांचं लक्ष रेघेवर असे. मी काही बोलायला तोंड उघडलं की ते हळूच म्हणत, ‘आधी आतलं.’ आतली भोकं सगळी कापून झाल्याशिवाय बाहेरची रेघ कापायची नाही, नाहीतर धरायला काही उरत नाही, हा त्यांचा नियम होता. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढायचो आणि गप्प बसायचो.

पण देव्हारा काही संपेना. झालेल्या पाखेत, म्हणजे बाजूच्या जाळीत, नानांना खोट दिसे आणि ती बंबात जाई. मला काही दिसत नसे. फाल्गुनात डावी पाख पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी वडिलांचं कार्ड आलं. लग्न मुलीचं आहे की देव्हाऱ्याचं, असं त्यांनी विचारलं होतं. वैशाखात होत नसेल तर दुसरं एक स्थळ सांगून आलंय आणि आठ दिवसांत होकार कळवायचा आहे. ते कार्ड खिशात घेऊन मी त्या रविवारी पालघरला गेलो, दिवसभर फळी दाबून धरली आणि कार्ड तसंच खिशात घेऊन परत आलो. मधल्या दिवसांत साइटवरून रजा मिळेना. तेव्हा बुधवारी मी बोईसरच्या पोस्टात गेलो आणि मन घट्ट करून नानांच्या घरच्या पत्त्यावर तार केली. तारा तेव्हा इंग्रजीत जायच्या. माझ्या तारेचा मतलब असा होता: वडील ठाम मी नाही वैशाखात लग्न नाहीतर मोडले.

ही तार पालघरला घेणार कोण, हे तार गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

पुढचं मला कुमुदनं आणि तार वाटणाऱ्या शिपायानं सांगितलं. नानांनी यंत्रावर शब्द न् शब्द उतरवून घेतला. चेहऱ्यावर काही नाही. तार लिहिली, पाकिटात घातली, चिकटवली, वर स्वतःचाच पत्ता लिहिला आणि शिपायाकडे दिली. शिपाई किनाऱ्याकडच्या मच्छीमार घरातला, बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो म्हणाला, ‘मास्तर, ही तुमच्याच घरची हाय. हितंच ठेवा की. मी कशाला उन्हात जाऊ?’

नाना म्हणाले, ‘तार घरी पोचल्याशिवाय मला कळलेली नसते.’

शिपाई गेला. दारात तार आलेली पाहून सासूबाईंना आधीच धडकी भरली. कुमुद मॅट्रिक झालेली, तिनं वाचली. तारेत ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. तिनं वाचलं, मी नाही वैशाखात. म्हणजे मीच नको म्हणतोय. मायलेकींनी दुपारभर रडून घेतलं, आणि रडता रडता सासूबाईंनी म्हणे देव्हाऱ्याकडे पाहून असे काही शब्द काढले की कुमुदनं दार लावून घेतलं. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर नाना घरी आले, पाय धुतले, चहा घेतला आणि मग तार मागितली. पाकीट आधीच फोडलेलं होतं तरी त्यांनी ते बाजूबाजूनं पाहिलं. सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद पहिल्यांदाच पाहावा तसा वाचला. सासूबाई म्हणाल्या, ‘बघा आता, तुमच्या जाळीपायी मुलाचं मन फिरलं.’

नानांनी पेन्सिल घेऊन ‘ठाम’च्या पुढे एक रेघ मारली आणि ‘मी नाही’च्या पुढे दुसरी. ‘असं वाच,’ ते कुमुदला म्हणाले. ‘वडील ठाम. मी नाही. मुलगा आपल्या बाजूचा आहे.’ मग बराच वेळ ते देव्हाऱ्यासमोर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी करवत हातात घेतली नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी मी गेलो तर टेबल मांडलेलं, खाचेची पाटी आवळलेली. डाव्या पाखेतलं शेवटचं कमळ तेवढं राहिलं होतं. नानांनी मला बस म्हणून खूण केली, मी नेहमीसारखी फळी धरली. मग त्यांनी करवत कुमुदच्या हातात दिली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ती हातात घेतली होती, पण इतकी वर्षं फुंकर घालता घालता तिच्या डोळ्यांनी सगळं शिकून घेतलं होतं. हात वरखाली सरळ, घाई नाही, वळणावर फळी फिरवायची तर माझ्या बोटांना नुसता इशारा. नाना हात पाठीमागे बांधून उभे होते. सासूबाईंनी चुलीवरून तेल उतरवून ठेवलं होतं. पाकळ्या झाल्या. देठ उरला. देठाच्या अगदी शेवटाला मला वाटलं, आता सुटलं आपण, आणि माझ्या अंगठ्याचा दाब जरा वाढला. बारीक ‘टक’ असा आवाज झाला. कमळ माझ्या मांडीवर पडलं.

कुमुदच्या डोळ्यांत पाणी भरलं. ती पाख आता बंबात जाणार आणि तिच्याबरोबर वैशाखही, हे आम्हा चौघांनाही समजलं होतं. मी म्हणालो की चूक माझी आहे, दाब माझा पडला.

नाना वाकले. कमळ उचलून त्यांनी खिडकीशी नेलं, देठाचं टोक नीट पाहिलं. मग सासूबाईंना म्हणाले, ‘सरस गरम कर.’

सासूबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा नानांनी कमळ माझ्या आणि कुमुदच्या मध्ये टेबलावर ठेवलं. ‘दोघांनी मोडलंय, दोघांनीच चिकटवायचं,’ म्हणाले, आणि चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आम्ही कमळ चिकटवलं. सरस वाळेपर्यंत देठ धरून ठेवावा लागला. त्यातली थोडी मिनिटं गरजेची होती, बाकीची आम्ही आमच्या जबाबदारीवर धरली.

लग्न वैशाखात झालं. देव्हारा बोईसरजवळ सालवडला घेतलेल्या आमच्या खोलीवर आला आणि नाना दर महिन्याला येऊ लागले. खाऱ्या वाऱ्यानं प्लायवुडचे पदर सुटतात, बघायला हवं, असं कारण असे. पहिल्या एक-दोन वेळा त्यांनी पाहिलंही. नंतर ते आले की कुमुदच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसत, ती भाकरी थापायची ते बघत, आणि निघायची वेळ झाली की पिशवी उचलत. देव्हाऱ्याकडे त्यांचं लक्षच नसे. मीही कधी आठवण करून दिली नाही.

असंच एकदा त्यांना पोचवायला बोईसर स्टेशनावर गेलो. त्यांच्या चालीनं गेलो म्हणजे गाडी चुकलीच. पुढची दीड तासानं होती. आम्ही बाकावर बसलो. समोर कारखान्यांसाठी मोकळी केलेली जमीन लांबवर पडली होती, कामावरून सुटलेली माणसं हिंदीत गप्पा मारत रूळ ओलांडत होती. नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

‘देव्हारा पौषातच झाला असता,’ ते म्हणाले. ‘खोट काही नव्हती त्यात. चांगल्या पाखा मी बंबात घातल्या.’

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

‘एकच मुलगी,’ नाना म्हणाले. ‘तिच्या आईला सांगू नका. एवढी लाकडं जाळली म्हणून रागावेल.’

मी ‘नाही सांगणार’ म्हणालो, आणि आजवर सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय. त्या दिवशी पुढची गाडी वेळेवर आली. नाना खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि पुढच्या महिन्यात कुठल्या रविवारी येणार ते मला दोनदा सांगितलं.