खपलीखाली

मी एमएसला नापास झाले आणि सर्जरी वॉर्डातले सगळे माझ्याशी किळस येईल इतकं गोड वागू लागले. पास झालेल्या मैत्रिणीने माझ्याही तोंडात पेढा कोंबला. "होतं गं असं. ठीक आहेस ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

तो चिकट गोडवा जिभेवर घेऊनच एका काकांच्या ड्रेसिंगला गेले. मधुमेहाने बधिर झालेला पाय. वर छान कोरडी खपली, खाली पू. वास नाकात भिनला. अशा जखमेवर नुसती पट्टी बांधून भागत नाही; ताजं रक्त दिसेपर्यंत मेलेलं मांस कापत जावं लागतं. कापता कापता काका ओरडले, "आई गं!" मला बरं वाटलं. खालचं मांस जिवंत होतं.

बाहेर मैत्रिणीने पुन्हा विचारलं, "ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले. "दुखतंय."